सकाळचा तगादा

महाडात चवदार तळ्याच्या आसपासच्या गल्ल्यांतून सकाळी सातच्या सुमारास जो कोणी जाईल त्याला, 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांनी जेथे पाण्यावरील हक्क बजावला त्या स्थळाचे स्मरण होत असतानाच, घराघरांतून उठणारा एक अगदी घरगुती कोलाहलही ऐकू येईल : ‘दात घासलेस का?’, ‘मोजे कुठे टाकलेस?’, ‘अरे, एस्टी जाईल!’ शाळकरी मुलांच्या घरी हा तगादा असायचाच. परंतु ज्या घरी मुलाला एडीएचडी, म्हणजे अवधानाची न्यूनता आणि अतिचंचलता असते, तेथे त्याचे पर्यवसान नित्याच्या कलहात होते, आणि शेजारीपाजारी त्याचे खापर मुलाच्या आळसावर नि आईच्या लाडांवर फोडून मोकळे होतात.

हा आळस नव्हे. बुद्धी शाबूत असूनही ज्यांचा स्वतःवर ताबा राहत नाही अशा मुलांचे वर्णन जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने 1902 सालीच लंडनच्या व्याख्यानांत केले होते. जगात शंभरांतील सुमारे पाच मुलांत आढळणारी ही अवस्था बहुतांशी आनुवंशिक असते. त्यामुळे मुलाचे दप्तर शोधणारे वडील त्याच वेळी स्वतःच्या गाडीची किल्लीही शोधत असतात, हा योगायोग मानण्याचे कारण नाही. काय करायचे हे अशा मुलाला ठाऊक असते. कामांचा क्रम आणि सरणाऱ्या वेळेचे भान मात्र चित्तात ठरत नाही. ‘चल, आवर’ या एका फर्मानात दहा कामे दडलेली असतात, आणि तिसऱ्या कामाशी मूल खिडकीतल्या कावळ्यात हरवते.

म्हणून क्रम डोक्याबाहेर, डोळ्यांसमोर ठेवावा. मोरीच्या दाराशी चित्रांची पाटी. दप्तर, गणवेश आणि पाण्याची बाटली यांची रात्रीच एका ठरलेल्या खुंटीवर तजवीज. एका वेळी एकच सूचना, तीही स्वयंपाकघरातून ओरडून न देता जवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून. आपल्याकडच्या पावसात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, आणि यांपैकी पुष्कळ मुलांना दमट मोजा पायाला लागलेला मुळीच सोसत नाही. तेव्हा कोरड्या मोज्यांचा एक जोड राखून ठेवणे हे लाड नव्हेत, बंदोबस्त आहे. डॉक्टरांनी एडीएचडीवरचे मेथिलफेनिडेट हे औषध दिले असेल तर त्याने भूक मंदावते, यास्तव घावन किंवा तांदळाची भाकरी गोळीच्या आधी पोटात जावी. शिवाय गोळीचा गुण यायला अर्धा-पाऊण तास लागत असल्याने सकाळचा सर्वांत कठीण काळ औषधाविनाच पार पाडावा लागतो.

माझ्या मते या सर्वांहून अगोदरची गोष्ट आईबापांची आहे. मुलापूर्वी थोडे उठून, बसून, स्वतःचा चहा गरम असतानाच पिणारी आई पुढचा तास शांतपणे निभावते; वडील मुंबईला चाकरीस असतील तर आजीआजोबांनी एकाच वेळी तीन हुकूम सोडू नयेत, एवढी मदतही मोठी.

घराबाहेरचीही थोडी मदत आहे. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत असा शासन निर्णय फेब्रुवारी 2024 मध्ये झाला. पण पोलादपूरच्या डोंगरी वाड्यांतून एस्टीने येणाऱ्या मोठ्या मुलांना तो लागू नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत एडीएचडीचा समावेश आहे आणि त्या कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते. पालकांनी शिक्षकांना विचारून तो दिवस साधावा, आणि तोवर धीर सुटू लागला तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी-सेवेच्या 14416 या निःशुल्क क्रमांकावर मराठीत बोलावे.