आजीचा ठसका

वाचकहो, आजी-आजोबांची आठवण काढताना आपले मन बहुधा चुलीपाशी जाऊन बसते. माझेही तसेच आहे. राधानगरी तालुक्यात, भोगावतीच्या खोऱ्यात आमचे कौलारू घर. राजर्षी शाहू महाराजांनी बांधावयास घेतलेले धरण वरच्या अंगाला. त्याचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची वार्ता आली, की आबा इरले घेऊन भाताच्या बांधावर पाणी पाहून येत. भात पोटरीत आले, की दाजीपूरच्या रानातून उतरणाऱ्या गव्यांची राखण सुरू होई. मग घोंगडे पांघरून सारी रात्र माळ्यावर. सत्तरीतही त्यांची पाठ ताठ होती.

आजी पहाटे उठून नाचणीची आंबील करी. पीठ रात्रीच ताकात भिजवलेले असे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे तेवढ्याच वजनाच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. आजीला ते ठाऊक असण्याची गरजच नव्हती.

जुन्या आहाराचे गोडवे येथवर सारेच गातात. मला सांगायचे आहे ते आंबिलीच्या भांड्याखालच्या चुलीविषयी.

आमच्याकडचा पाऊस महिनोन्‌महिने हटत नाही. जळण ओले, शेणी सादळलेल्या, खिडकी झडीमुळे बंद. आजी फुंकणीने फुंकर घाली, धूर कौलांपर्यंत भरे आणि तिला ठसका लागे. आम्ही मुले त्या ठसक्यावरूनच ओळखत असू, की चहा ठेवला आहे. कुणी विचारलेच, तर ती म्हणे, ‘‘धूर हाय रं, दुसरं काय न्हाय.’’ पुढे उन्हाळ्यातही खोकला राहू लागला. विहिरीवरून घरी येताना ती दोनदा टेकू लागली. आम्ही त्याला म्हातारपण म्हटले. तिने आयुष्यात विडी ओढली नव्हती, म्हणून फुप्फुसांचा विचार कुणाच्या मनाला शिवला नाही. डॉक्टरांकडे नेले तेव्हा फार उशीर झाला होता.

लाकूड व शेणी यांच्या धुरातील सूक्ष्म कण वर्षानुवर्षे श्वासनलिकांना सूज आणतात आणि त्या हळूहळू अरुंद होतात. या विकाराला सीओपीडी म्हणतात. झालेली हानी पूर्णपणे भरून येत नाही. मात्र वेळीच निदान झाले, तर श्वासावाटे घ्यावयाच्या औषधांनी धाप बरीच आटोक्यात राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 या एका वर्षात घरातील धुरामुळे जगभर सुमारे 32 लाख माणसे दगावली.

2016 मध्ये उज्ज्वला योजना आली, गावोगावी सिलिंडर पोहोचले. तरी आपण गावी जाल तेव्हा परसात डोकावून पाहा. अंघोळीचे पाणी आणि भाकरी पुष्कळ घरी अजून चुलीवरच. आपल्या घरातील वडीलधाऱ्या बाईंचा खोकला काही आठवड्यांहून अधिक टिकला, किंवा चढावर त्यांना धाप लागू लागली, तर त्यांना डॉक्टरांकडे न्या आणि ‘पूर्वी चुलीवर किती वर्षे स्वयंपाक केला’ हे आपणहून सांगा. स्पायरोमेट्री ही नळीत फुंकण्याची चाचणी असते. सुई टोचत नाही, काही मिनिटांत होते. दीर्घ खोकल्यात क्षयरोगाची तपासणीही टाळू नये.

माझ्या आईची ही चाचणी गेल्या वर्षी करून घेतली. नळी तोंडाला लावताना ती हसली आणि म्हणाली, ‘‘फुंकणीच की ही!’’ चूल आता परसातल्या उघड्या पत्र्याखाली गेली आहे. आंबील गॅसवर होते. भाकरीचा तिचा हट्ट मात्र अद्याप सुटलेला नाही.