नामविश्वे, एक्सएमएल दस्तऐवजांतील

एक्सएमएल (विस्तारक्षम चिन्हांकन भाषा) या भाषेत लिहिलेल्या दस्तऐवजांतील घटकांच्या व गुणधर्मांच्या नावांची परस्परांशी गल्लत होऊ नये, म्हणून नावांच्या प्रत्येक संचाला जी स्वतंत्र ओळख दिली जाते, तीस नामविश्व (नेमस्पेस) म्हणतात. एखादे नाव कोणत्या संचातील आहे, हे नामविश्वामुळे संगणकाच्या आज्ञावलीस निश्चितपणे कळते. दस्तऐवजाचे विश्लेषण करताना किंवा त्यातून माहिती काढताना नामविश्वाकडे दुर्लक्ष झाल्यास आज्ञावली बहुधा थांबत नाही. ती रिकामे उत्तर देते. या विषयाचे व्यावहारिक महत्त्व मुख्यतः यातच आहे.

उद्‌गम : एक्सएमएल भाषेत घटकांची नावे आधी ठरवून दिलेली नसतात, ती दस्तऐवजाची रचना करणाऱ्याने ठरवावयाची असतात. त्यामुळे ‘मूल्य’ हे एकच नाव एका दस्तऐवजात भूकंपाची खोली सांगण्यासाठी, तर दुसऱ्यात मालाची किंमत सांगण्यासाठी येऊ शकते. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने १० फेब्रुवारी १९९८ रोजी एक्सएमएलची १.० ही आवृत्ती शिफारस म्हणून प्रसिद्ध केली. दोन संचांतील नावे एकाच दस्तऐवजात आल्यास ती वेगळी कशी ओळखावयाची, याचे नियम त्याच संस्थेने १४ जानेवारी १९९९ रोजी स्वतंत्र शिफारशीद्वारे घालून दिले. महाराष्ट्रात वडगाव नावाची अनेक गावे आहेत; म्हणून कागदोपत्री गावाच्या नावासोबत तालुका व जिल्हा लिहिण्याची पद्धत आहे. नामविश्वाचे प्रयोजनही असेच आहे.

रचना : नामविश्वाची ओळख म्हणून एकरूप संसाधन निर्देशक (यूआरआय) वापरतात. तो दिसावयास संकेतस्थळाच्या पत्त्यासारखा असला, तरी त्या पत्त्यावर काही असलेच पाहिजे असे नाही व विश्लेषक (पार्सर) तेथे जाऊन पाहतही नाही. दोन निर्देशक समान आहेत की नाहीत, हे केवळ अक्षराला अक्षर ताडून ठरते. शेवटी एखादी तिरपी रेघ अधिक असली किंवा आवृत्तीचा अंक बदलला, तरी ते नामविश्व वेगळे समजले जाते. उस्मानाबाद जिल्ह्याचे धाराशिव असे नामांतर २०२३ मध्ये झाले, तरी जिल्हा तोच आहे हे माणसास कळते. विश्लेषकाजवळ असे तारतम्य नसते.

निर्देशक लांबलचक असल्याने त्याऐवजी एक आखूड उपसर्ग वापरता येतो. ‘एक्सएमएलएनएस’ या राखीव गुणधर्माने उपसर्ग व निर्देशक यांची सांगड घातली जाते. ती ज्या घटकावर घातली असेल तो घटक व त्याच्या पोटातील सर्व घटक यांना लागू पडते. आतील एखाद्या घटकावर नवी सांगड घातल्यास तेथून पुढे ती चालते. उपसर्ग ही केवळ लेखनाची सोय आहे. एकाच नामविश्वाला दोन दस्तऐवजांत भिन्न उपसर्ग असू शकतात व एकच उपसर्ग दोन ठिकाणी भिन्न नामविश्वांसाठी येऊ शकतो. घटकाचे खरे नाव निर्देशक व स्थानिक नाव या दोहोंनी मिळून बनते. त्यास विस्तारित नाव म्हणतात.

उपसर्ग न देताही नामविश्व घोषित करता येते. त्यास पूर्वनिर्धारित नामविश्व म्हणतात. त्याच्या कक्षेतील उपसर्गविरहित घटक आपोआप त्यात मोडतात. गुणधर्मांना मात्र हा नियम लागू नाही. उपसर्ग नसलेला गुणधर्म कोणत्याच नामविश्वात नसतो.

उदाहरण : ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत विनाशकारी भूकंप झाला. त्यात सु. ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. लातूर जिल्ह्यातील किल्लारी व त्या वेळी उमरगा तालुक्यात असलेले सास्तूर ही सर्वाधिक हानी झालेल्या गावांपैकी होत. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या सूचीत या भूकंपाची महत्ता ६.२ असून त्याचे स्थान सु. १८.०७° उ. व ७६.४५° पू. असे दिले आहे. हे स्थान उमरगा शहराच्या वायव्येस सु. ३० किमी. वर आहे. या सूचीतील नोंदी क्वेकएमएल या एक्सएमएलवर आधारित स्वरूपात मिळतात.

अशा नोंदीत तीन नामविश्वे घोषित केलेली असतात. सर्वांत बाहेरचा ‘क्वेकएमएल’ हा घटक ‘क्यू’ हा उपसर्ग धारण करतो व त्याचे नामविश्व निराळे असते. त्याच्या पोटातील ‘इव्हेंट’ (घटना), ‘ओरिजिन’ (उगम), ‘मॅग्निट्यूड’ (महत्ता) इ. घटकांना उपसर्ग नसतो. ते पूर्वनिर्धारित नामविश्वातील असतात. ‘कॅटलॉग’ हा तिसरा उपसर्ग घटना-क्रमांकासारख्या काही गुणधर्मांना लावलेला असतो. मात्र त्याच ‘इव्हेंट’ घटकावरील ‘पब्लिकआयडी’ हा गुणधर्म उपसर्गविरहित असल्याने कोणत्याही नामविश्वात नसतो. अशा प्रकारे एकाच घटकाच्या नावाला व त्याच्या दोन गुणधर्मांना तीन वेगळे नियम लागू होतात.

पृच्छा : एक्सएमएल दस्तऐवजातील भाग निवडण्यासाठी एक्सपाथ ही भाषा वापरतात. तिची १.० ही आवृत्ती १६ नोव्हेंबर १९९९ रोजी प्रसिद्ध झाली. तीत उपसर्ग नसलेले नाव म्हणजे कोणत्याही नामविश्वात नसलेले नाव, असा नियम आहे; दस्तऐवजातील पूर्वनिर्धारित नामविश्व पृच्छेला लागू होत नाही. परिणामी वरील नोंदीत नुसत्या ‘इव्हेंट’ या नावाने शोध घेतल्यास काहीही सापडत नाही, मग तो घटक डोळ्यांना समोर दिसत असला तरी. बाहेरच्या घटकाचे नामविश्व आतील घटकांनाही लागू आहे असे धरल्यासही उत्तर रिकामेच येते.

यावर योग्य उपाय म्हणजे आज्ञावलीतच उपसर्ग व निर्देशक यांचा तक्ता देणे आणि पृच्छेत ते उपसर्ग वापरणे. हे उपसर्ग दस्तऐवजातील उपसर्गांशी जुळण्याची गरज नसते. निर्देशक मात्र तंतोतंत जुळावे लागतात. दस्तऐवजात उपसर्ग नसलेल्या घटकासाठीही पृच्छेत उपसर्ग द्यावा लागतो. पायथन भाषेच्या एलिमेंटट्री या संचात निर्देशक महिरपी कंसात लिहून त्याला लागून स्थानिक नाव देण्याचीही सोय आहे. एक्सपाथच्या २.० (२००७) व पुढील आवृत्त्यांत पृच्छेसाठी पूर्वनिर्धारित नामविश्व ठरविता येते; तथापि अनेक प्रचलित साधने १.० आवृत्तीवरच आधारलेली आहेत.

नामविश्व वगळून केवळ स्थानिक नावावरून शोध घेणे, हा दुसरा मार्ग आहे. दस्तऐवजाची प्राथमिक पाहणी करताना तो उपयुक्त ठरतो. परंतु भिन्न संचांतील समान नावे त्यामुळे एकत्र होतात व ज्या दोषाच्या निवारणासाठी नामविश्वे आली, तोच पुन्हा उद्‌भवतो. घोषणा व उपसर्ग मजकुरातून पुसून टाकून मग विश्लेषण करणे याहून धोक्याचे आहे. काही दस्तऐवजांत उपसर्गयुक्त नाव गुणधर्माच्या मूल्यातही येते. उपसर्गाची घोषणा पुसली गेल्यास त्याचा अर्थ लागत नाही.

विश्लेषकांतील फरक : जुने विश्लेषक नामविश्वे जाणत नसत. सॅक्स या पद्धतीत ती सोय दुसऱ्या आवृत्तीत, तर डॉम या पद्धतीत दुसऱ्या स्तरावर, अशी दोहोंतही २००० मध्ये आली. जावा भाषेतील दस्तऐवज-विश्लेषक आजही मुद्दाम सांगितल्याशिवाय नामविश्वांची दखल घेत नाही. हे सांगावयाचे राहिल्यास तक्ता बरोबर असूनही पृच्छा निष्फळ ठरते. काही साधने दस्तऐवज पुन्हा लिहिताना मूळ उपसर्ग बदलून स्वतःचे उपसर्ग घालतात. अर्थाच्या दृष्टीने दस्तऐवज तोच राहतो. पण त्याची मजकूर म्हणून तुलना करणारी आज्ञावली त्यास भिन्न मानते.

दक्षता : पृच्छेला काही न सापडणे हा नियमानुसार दोष नसून ते एक वैध उत्तर आहे. त्यामुळे ‘नोंद नाही’ व ‘नोंद आहे, पण तिचे नाव चुकीच्या नामविश्वात शोधले’ या दोन अत्यंत भिन्न गोष्टी उत्तरात सारख्याच दिसतात. उमरग्याभोवती ५० किमी. अंतरात झालेल्या मोठ्या भूकंपांचा तक्ता करणाऱ्या आज्ञावलीत अशी चूक राहिल्यास तो परिसर भूकंपमुक्त असल्याचा निष्कर्ष निघेल. इमारतींचे संकल्पन किंवा विम्याची आकारणी यांसाठी असा तक्ता वापरला गेल्यास त्याचे परिणाम गंभीर होऊ शकतात.

म्हणून दस्तऐवज वाचण्यापूर्वी सर्वांत बाहेरच्या घटकाचे विस्तारित नाव तपासावे व ते अपेक्षेप्रमाणे नसल्यास आज्ञावलीने काम थांबवून तसे कळवावे. आवृत्ती बदलून निर्देशक बदलल्याचे यामुळे लगेच ध्यानात येते. शिवाय ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे, अशा नोंदीवर पृच्छा चालवून पाहावी. अशी चाचणी लावताना नोंदीतील वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, हे लक्षात ठेवावे लागते. भारतीय प्रमाणवेळ तिच्यापुढे साडेपाच तास असल्याने किल्लारीच्या भूकंपाची तारीख तेथे २९ सप्टेंबर १९९३ अशी येते. ही नोंद ज्या पृच्छेला सापडत नाही, तिने दिलेले इतर कोणतेही रिकामे उत्तर विश्वसनीय मानता येत नाही.