दोन ठोक्यांमधला हजारावा हिस्सा

गर्भातल्या बाळाचे हृदय मिनिटाला साधारण ११० ते १६० वेळा धडधडते. पण बाळ सुदृढ असेल, तर लागोपाठच्या ठोक्यांमधले अंतर कधीच अगदी सारखे नसते. मज्जासंस्था हृदयाचा वेग सतत किंचित वाढवत आणि किंचित कमी करत असते. प्राणवायूचा पुरवठा दीर्घकाळ अपुरा पडला, की हा चढउतार ओसरू लागतो. घड्याळासारखे नियमित पडणारे ठोके इथे चांगले लक्षण नाही, हेच गर्भविज्ञानातले एक मोठे आश्चर्य आहे.

आईला उच्च रक्तदाब किंवा मधुमेह असेल, बाळाची वाढ खुंटली असेल, तर डॉक्टर ‘एनएसटी’ (नॉन-स्ट्रेस टेस्ट) म्हणजे बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढायला सांगतात. आईला कुशीवर झोपवून किंवा रेलून बसवून पोटावर दोन पट्टे बांधतात. एका पट्ट्याखालचा डॉप्लर बाळाचे ठोके टिपतो, दुसऱ्याखाली गर्भाशयाचे आकुंचन नोंदले जाते. बाळ हलले, की आई हातातले बटण दाबते. यंत्रातून कागदाची पट्टी सरकत बाहेर येते. अडचण पुढे आहे: तीच पट्टी दोन अनुभवी डॉक्टर वेगवेगळी वाचू शकतात.

ऑक्सफर्डमध्ये या अडचणीवर १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून काम सुरू झाले. जेफ्री डॉस यांनी मेंढीच्या गर्भावर वर्षानुवर्षे प्रयोग केले होते, तर ख्रिस रेडमन गरोदरपणातल्या रक्तदाबाचे अभ्यासक होते. त्यांनी हजारो आलेख संगणकात साठवले आणि बाळाचे पुढे काय झाले, याच्याशी ते ताडून पाहिले. त्यातून ‘डॉस-रेडमन निकष’ तयार झाले.

त्यातले मुख्य माप म्हणजे अल्पकालिक चढउतार. संगणक प्रत्येक मिनिटाचे १६ भाग करतो, म्हणजे एक भाग ३.७५ सेकंदांचा. प्रत्येक भागातल्या ठोक्यांमधले सरासरी अंतर काढून ते शेजारच्या भागाशी ताडतो. हा फरक मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या हिश्शांत येतो. मिनिटाला १४० ठोके असतील, तर दोन ठोक्यांमध्ये सुमारे ४२९ मिलिसेकंद जातात. त्यात ४ मिलिसेकंदांचा फरक पडला, तर वेग जेमतेम १.३ ठोक्यांनी बदलतो. मिनिटाला एक सेंटिमीटर सरकणाऱ्या पट्टीवर असा ३.७५ सेकंदांचा भाग पाऊण मिलिमीटरही भरत नाही. डोळ्याला हे दिसणे शक्यच नाही. माप ३ मिलिसेकंदांच्या खाली गेले, तर ती गंभीर सूचना मानली जाते.

संगणक पहिला निर्णय १० मिनिटांनी देतो. बाळ शांत झोपेत असले, तरी चढउतार कमीच दिसतो. म्हणून निकष पूर्ण झाले नाहीत, तर तपासणी ६० मिनिटांपर्यंत चालू ठेवतात. घाईने निष्कर्ष न काढणे या पद्धतीतच अंतर्भूत आहे.

याचा उपयोग किती? २०१५च्या कॉक्रेन आढाव्यात दोन चाचण्यांतल्या ४६९ स्त्रियांची माहिती एकत्र तपासली गेली. संगणकीय वाचन झालेल्या गटात बाळ दगावण्याचे प्रमाण ०.९ टक्के, तर नेहमीच्या वाचनाच्या गटात ४.२ टक्के होते. संख्या लहान आहे, पण दिशा आशादायक आहे. त्याच वर्षी युरोपातल्या ‘ट्रफल’ अभ्यासाचे निष्कर्ष आले. वाढ खुंटलेल्या, ३२ आठवड्यांच्या आतल्या बाळांचा जन्म कधी घडवावा, हा त्यातला प्रश्न होता. गर्भाच्या एका शिरेतल्या रक्तप्रवाहात उशिरा दिसणारे बदल होईपर्यंत थांबलेल्या आणि संगणकीय मापावरही लक्ष ठेवलेल्या गटात, वाचलेल्यांपैकी ९५ टक्के मुले दोन वर्षांच्या वयात मज्जाविकारापासून मुक्त होती. केवळ संगणकीय मापावर विसंबलेल्या गटात हे प्रमाण ८५ टक्के होते. म्हणजे हे माप एकटे पुरेसे नाही. असा रक्तप्रवाह मोजणाऱ्या डॉप्लर सोनोग्राफीसोबत त्याचे बळ वाढते.

मर्यादाही स्पष्ट आहेत. बाळाची फुप्फुसे लवकर पक्व व्हावीत म्हणून आईला स्टिरॉइडचे इंजेक्शन देतात, त्यानंतर काही दिवस चढउतार तात्पुरता घटू शकतो. हे निकष कळा सुरू होण्याआधीच्या काळासाठीच आहेत. प्रसूतीदरम्यान संगणकीय सल्ला देणाऱ्या एका वेगळ्या प्रणालीची ‘इन्फंट’ चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. सुमारे ४६,००० स्त्रियांच्या त्या चाचणीत बाळांना अधिक लाभ झाल्याचे दिसले नाही. वार अचानक सुटण्यासारखी आपत्तीही कोणत्याच पट्टीवरून आधी कळत नाही. म्हणून निकष पूर्ण झाल्याचा शेरा हातात असला, तरी बाळाची हालचाल कमी वाटल्यास आईने लगेच दवाखाना गाठावा, आणि डॉक्टरांनी यंत्राच्या आकड्याइतकेच तिचे म्हणणे गांभीर्याने घ्यावे.