विश्लेषण : नाणे चुकलेले की वेगळ्या ठशाचे? ‘एरर’ आणि ‘व्हरायटी’त फरक काय?

‘चुकीचे छापलेले नाणे विका, लाखो कमवा’ अशा जाहिराती समाजमाध्यमांवर सतत दिसतात. मात्र वेगळे दिसणारे प्रत्येक नाणे ‘एरर’ नसते. संग्राहक ‘एरर’ आणि ‘व्हरायटी’ यांत फरक करतात. तो कसा ओळखायचा?

पेणच्या साच्यावरून समजून घ्या

पेणच्या गणेशमूर्ती कारखान्यांत एका साच्यातून अनेक मूर्ती निघतात. साच्यातच मुकुटाची नक्षी वेगळी असेल, तर ती प्रत्येक मूर्तीवर उतरते. ही ‘व्हरायटी’. साच्यातून काढताना एकाच मूर्तीचा कान दुमडला, तर ती ‘एरर’. टांकसाळीत साच्याच्या जागी पोलादी ठसा असतो, इतकेच.

एरर म्हणजे काय?

ठसा बरोबर, पण नाणे पाडताना गडबड झाली. चकती सरकून छाप एका बाजूला जाते, चकतीची कडच कापलेली असते किंवा एक बाजू सरळ धरली तर दुसरी तिरकी दिसते.

व्हरायटी कोणती?

उत्तम उदाहरण रायगड जिल्ह्यातलेच आहे. शिवराज्याभिषेकापासून, म्हणजे १६७४ पासून चालत आलेली तांब्याची शिवराई पेशवाईतही अनेक टांकसाळींत पाडली जात होती. ठसे हाताने कोरलेले, त्यामुळे कुठे ‘शिव’ तर कुठे ‘सिव’ दिसते. ही व्हरायटी. काही अक्षरे अर्धवट दिसतात, कारण ठसा अनेकदा चकतीपेक्षा मोठा असे. तीही ‘एरर’ नव्हे.

ठसाच चुकला तर?

अमेरिकेच्या १९५५च्या काही एक सेंट नाण्यांवर आकडे दुहेरी दिसतात. चूक ठशात होती आणि त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर आली. म्हणून अनेक संग्राहक ती व्हरायटीत धरतात.

सालाखालची खूण?

ती टांकसाळीची नेहमीची ओळख असते. हिरा मुंबईचा, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा. कोलकात्याच्या नाण्यांवर खूण नसते.

विकण्यापूर्वी काय लक्षात ठेवावे?

बालपण रोह्यात गेलेले सी. डी. देशमुख ज्या रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते, त्याच बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये सावध केले होते : जुनी नाणी-नोटा विकून देण्यासाठी बँकेच्या नावाने शुल्क, कमिशन किंवा कर मागणारे फसवे असतात. बँक असा व्यवहार करत नाही. त्यामुळे पेण-रोह्यातल्या घरी वेगळे नाणे सापडले, तर आधी त्याच सालाच्या दुसऱ्या नाण्याशी ताडून पाहावे. ‘आधी पैसे भरा’ म्हणणाऱ्याला मात्र एक रुपयाही देऊ नये.