मुलाखतीला जाताना पोशाख कसा असावा?



आडसाली, सुरू, खोडवा यांवर आपण नेहमीच वाचता. आज जरा वेगळा विषय घेतला आहे. केडगाव परिसरात आता घरटी एखादं तरी पोरगं किंवा पोरगी आयटीआय, पदविका नाहीतर पदवी झालेली आहे. वाटण्या होऊन जमीन एकर-दोन एकरांवर आली, तेव्हा एकानं तरी नोकरी धरावी असं प्रत्येक बापाला वाटतं. कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतून किंवा पुण्याहून मुलाखतीचा निरोप येतो आणि घरात पहिला प्रश्न निघतो : घालायचं काय? उसाच्या बिलाचा हप्ता नुकताच हातात आलेला असतो, पोरगं कोटासाठी हट्ट धरतं आणि खताचे पैसे कापडात जातात.

तेव्हा आधी हे पाहावं की मुलाखत आहे का. केंद्र सरकारच्या खालच्या वर्गांतल्या जागांसाठी १ जानेवारी २०१६ पासून मुलाखत बंद झाली. पोलीस शिपाई भरतीत मैदान आणि लेखी परीक्षा. तिथं पळायचे बूट चांगले हवेत, कोट नव्हे. राज्यसेवेला मात्र २०२५ पासूनच्या नव्या पद्धतीत मुलाखतीला २७५ गुण आहेत. खाजगी कारखाने, बँका, पतसंस्था, शाळा इथं तर मुलाखतीवरच बरंचसं ठरतं.

मुलांसाठी फिक्या रंगाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, गडद पँट, पट्टा, मोजे आणि काळे बूट एवढं पुरे. कोटाची गरज शेकडा नव्वद ठिकाणी नाही. मागून आणलेला कोट खांद्यावर लोंबतो आणि समोरच्याला ते पहिल्या नजरेत कळतं. त्यापेक्षा गावच्या शिंप्याकडून मापाची पँट शिवून घ्यावी. नवा शर्ट एकदा धुऊन, इस्त्री करूनच घालावा, नाहीतर घडीच्या रेघा तशाच दिसतात. नवे बूट चार दिवस आधी घरात घालून फिरावं. पायाला फोड आलेला उमेदवार उत्तरापेक्षा टाचेकडेच जास्त लक्ष देतो.

एक गोष्ट आपल्या भागात मुद्दाम सांगायला हवी. पांढराशुभ्र कडक इस्त्रीचा शर्ट, पांढरी पँट, गळ्यात साखळी, बोटांत अंगठ्या आणि खिशाला साहेबांच्या फोटोचा बिल्ला, हा पोशाख सभेला शोभतो. मुलाखतीत समोरच्या माणसाला वाटतं, हा काम करायला आलाय की शिफारस घेऊन? तोंडात तंबाखूचा वास असेल तर मग बोलायलाच नको. उन्हानं रापलेला चेहरा आणि पाचटानं ओरखडलेले हात यांची मात्र लाज धरू नये. नखं कापलेली असली म्हणजे झालं.

मुलींच्या बाबतीत घरचे लोक उगाच जास्त काळजी करतात. सुती पंजाबी ड्रेस किंवा रोजच्या सवयीची साडी, दोन्ही चालतात. लग्नातली जरीची साडी नको. नेसण्याची सवय नसेल तर साडीच नको. शिक्षिकेच्या जागेसाठी जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की मार्च २०२४ मध्ये राज्य शासनानं शिक्षकांच्या पोशाखाबद्दल सूचना काढल्या, त्यात जीन्स आणि टी-शर्टला मनाई केली. आणि लुगड्या-साडीत काही कमीपणा आहे असं मानू नये. आनंदीबाई जोशींचा १८८५ सालचा अमेरिकेतला फोटो प्रसिद्ध आहे, त्यात त्या साडीतच आहेत. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या तेव्हा समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम गेल्या होत्या, ज्यांनी पुढे आपल्या केडगावात मुक्ती मिशन वसवलं. त्याच वर्षी आनंदीबाईंची नेमणूक कोल्हापूरच्या इस्पितळात झाली.

पोशाख माणसाच्या आधी बोलतो हे महात्मा फुल्यांना पक्कं ठाऊक होतं. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या मेजवानीला ते मुद्दाम गरीब शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि खरी रयत अशी राहते हे राजपुत्राला सुनावलं. पण ते काही मागायला गेले नव्हते, दाखवायला गेले होते. आपलं पोरगं काम मागायला जातं. त्याच्या अंगावरून त्या कामाची तयारी दिसली पाहिजे.

ही तयारी कारखान्यातल्या जागेसाठी फार महत्त्वाची आहे. फिटर, वेल्डर, ऑपरेटर यांना पुष्कळदा बोलणं झाल्यावर थेट यंत्राजवळ नेतात. तिथं चप्पल घातलेल्याला दारातच थांबवतात. लोंबती ओढणी, सैल बाही, गळ्यातला गमछा फिरत्या पट्ट्यात किंवा रोलरमध्ये सापडला तर माणूस आत ओढला जातो. चालू यंत्राजवळ काम करणाऱ्याचे कपडे अंगाबरोबर असावेत अशी अट १९४८ च्या कारखाने कायद्यातच घातली होती. रासायनिक कारखान्यात जायचं असेल तर सुती कापड बरं. टेरिकॉट, पॉलिस्टर पेटलं की वितळून कातडीला चिकटतं, शिवाय घासून त्यात वीज साठते. सुती शर्ट घालून गेलेल्या मुलानं हे कारण विचारल्यावर सांगितलं, तर कोटापेक्षा त्याचंच वजन जास्त पडेल.

राहता राहिला प्रवास. केडगाव स्टेशनवरून पुण्याची गाडी धरायची म्हणजे गर्दी आणि घाम. इस्त्रीचा शर्ट आणि कागदपत्रं वेगळ्या पिशवीत न्यावीत, पुण्यात उतरून तोंड धुऊन शर्ट बदलावा. एक जुना रुमाल बूट पुसायला ठेवावा आणि शर्टाचं एक जादा बटण सुई-दोऱ्यासकट पिशवीत असू द्यावं.