स्वस्थ तंतूची शिल्लक

मज्जातंतूतून वाहणारा संदेश विद्युत्-स्वरूपाचा असतो, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातील शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी निर्विवाद ठरविली होती. हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये बेडकाच्या तंतूतील संदेशाचा वेगही मोजला होता आणि तो सेकंदाला ३० मीटरांच्या आसपास भरतो असे दाखविले होते. परंतु या साऱ्या उद्योगात लक्ष होते ते धावत्या संदेशावर. ज्या तंतूतून काहीच वाहत नाही, जो नुसता स्वस्थ पडून आहे, त्याची स्वतंत्र चौकशी करावी असे फार थोड्यांना वाटले. १९०२ ते १९५२ या पन्नास वर्षांचा मागोवा घेतला, तर त्यांची खरी कमाई मला हीच दिसते, की संदेशाचे सारे सामर्थ्य या स्वस्थपणात साठविलेले असते, हे या काळात प्रथम उमगले.

या कालखंडाचा आरंभ जर्मनीतील हाले येथे ज्यूलियस बर्नश्टाइन यांनी मांडलेल्या पटल-सिद्धान्ताने होतो. पेशीच्या आत पोटॅशियमचे आयन विपुल, बाहेर विरळ. भोवतीचे सूक्ष्म पटल पोटॅशियमला वाट देते, इतरांना देत नाही. सबब हे धनभारित आयन बाहेर झिरपू लागतात, आतली बाजू ऋण होते, आणि ते ऋणत्व त्यांना मागे ओढू लागले म्हणजे समतोल साधतो. नेर्न्स्ट यांच्या सूत्राप्रमाणे या समतोलाचा विद्युत्-दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलला पाहिजे, आणि बर्नश्टाइन यांनी तो तसा बदलतो हे प्रयोगाने पडताळले. संदेश जाताना पटल क्षणभर सर्वच आयनांना मोकळे होते व दाब शून्यावर येतो, हा त्यांचा पुढचा तर्क. १९०२ च्या ज्या खंडात हा लेख छापला गेला, त्याच खंडात ओव्हर्टन यांनी असे दाखविले होते, की बाहेरच्या द्रवातून सोडियम काढून घेतले असता बेडकाचा स्नायू उत्तेजनाला दाद देत नाही. दोन्ही लेख एकाच जिल्दीत बांधले गेले; त्यांचा परस्परसंबंध मात्र दीर्घकाळ कोणी जोडला नाही.

विलंबाचे मुख्य कारण साधनांचे दारिद्र्य हे होते. केसाहूनही बारीक अशा तंतूच्या आत विद्युदग्र घालणार कसे? १९३६ मध्ये जे. झेड. यंग यांनी एका सागरी प्राण्याकडे लक्ष वेधले. आपल्या कोकण किनाऱ्यावर ज्याला माकूळ म्हणतात, त्याच्याच कुळातला हा प्राणी संकट येताच पाण्याचा झोत सोडून निसटतो, आणि ही आज्ञा स्नायूंपर्यंत नेणारा त्याचा तंतू अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही जाड असतो. अमेरिकेत कोल आणि कर्टिस यांनी १९३९ मध्ये याच तंतूवर दाखविले, की संदेश जाताना पटलाचा विद्युत्-रोध चाळिसाव्या हिश्श्यापर्यंत उतरतो, परंतु त्याची धारिता जवळजवळ जशीच्या तशी राहते. पटल मोडत नाही, त्याच्यातील वाटा तेवढ्या उघडतात, असाच याचा अर्थ होता.

त्याच वर्षाच्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत पंचविशीतले ॲलन हॉजकिन आणि एकवीस वर्षांचे अँड्र्यू हक्सली काम करीत होते. तंतूच्या आतील द्रव्य किती दाट आहे हे पाहण्यासाठी त्यांनी तंतू उभा टांगून त्यात पाऱ्याचे थेंब सोडले. थेंब जागचे हलले नाहीत, कारण आतले द्रव्य घट्ट खळीसारखे निघाले. प्रयोग तेथेच संपला, पण टांगलेला तंतू हाताशी राहिला, आणि त्यात वरून एक दशांश मिलिमीटर जाडीची काचनलिका, ती कडेला कोठे घासू नये म्हणून आरशातून दोन्ही बाजू न्याहाळीत, उतरविता येते हे त्यांच्या ध्यानी आले. स्वस्थ स्थितीत आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ५० मिलिव्होल्ट ऋण दिसली. संदेश गेला तेव्हा दाब शून्यावर न थांबता पलीकडे जाऊन सुमारे ४० मिलिव्होल्ट धन झाला. बर्नश्टाइन यांच्या दुसऱ्या तर्काला या एका आकड्याने बाध आणला. पण सप्टेंबरात महायुद्ध पेटले, आणि त्या दोघांना हे निरीक्षण एका त्रोटक टिपणात नोंदवून युद्धकार्याला लागावे लागले.

युद्ध आटोपल्यावर हॉजकिन आणि बर्नार्ड कॅट्झ यांनी बाहेरच्या पाण्यातील सोडियम कमी केले, तो संदेशाची उंचीही त्या मानाने उतरली, स्वस्थ दाब मात्र फारसा ढळला नाही. सोडियम बाहेर अधिक असल्याने वाट मिळताच ते आत धावते व आतली बाजू धन करते, हे १९४९ मध्ये सिद्ध झाले. पुढे पटलावरील दाब हवा तेथे बांधून धरण्याची युक्ती वापरून हॉजकिन व हक्सली यांनी सोडियम आणि पोटॅशियम यांच्या धारा वेगळ्या केल्या आणि १९५२ च्या प्रबंधमालेत त्यांना समीकरणांत बसविले. केंब्रिजचा गणकयंत्र-विभाग तेव्हा बंद असल्यामुळे हक्सली यांनी हाताने फिरवायच्या यंत्रावर आकडेमोड केली. गणिताने संदेशाचा वेग सेकंदाला १८.८ मीटर आला, प्रत्यक्ष मोजणीत तो २१.२ होता. केवळ दाब बांधून केलेल्या मोजणीतून धावत्या संदेशाचा वेग इतका जवळ यावा, याहून भक्कम पुरावा कोणता मागावा?

आता या शिल्लकीचा जमाखर्च. माकुळाच्या जाड तंतूतून एक संदेश गेला, तर आतल्या पोटॅशियमचा जेमतेम दशलक्षावा भाग खर्ची पडतो. म्हणून हॉजकिन आणि केन्स यांनी १९५५ मध्ये विषप्रयोगाने तंतूचा आयन-उपसा, म्हणजे आयन पुन्हा मूळ बाजूला नेऊन तफावत राखणारा व्यवहार, बंद पाडला, तरी तो बराच काळ संदेश नेत राहिला. प्लिमथलाच पुढे बेकर, हॉजकिन आणि शॉ यांनी तंतूतील द्रव्य रबरी रूळ फिरवून पिळून काढले, रिकाम्या नळीत पोटॅशियमचे द्रावण भरले, आणि तरीही दाब व संदेश दोन्ही कायम राहिले: पटल आणि आयनांतील तफावत, एवढेच भांडवल पुरते. पण कोणतेही भांडवल खर्चत राहिले की संपतेच. ते भरून काढणारा विकर येन्स स्को यांना १९५७ मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूत सापडला. पेशीतील एटीपीच्या एकेका रेणूच्या मोबदल्यात तो तीन सोडियम बाहेर टाकतो व दोन पोटॅशियम आत घेतो, आणि हा व्यवहार तंतू स्वस्थ असतानाही चालू राहतो.

पटल पोटॅशियमलाच का वाट देते, या प्रश्नाचा उलगडा १९९८ मध्ये रॉडरिक मॅकिनन यांनी त्या वाटेची रचना उघड केल्यावर झाला: तिच्यातील ऑक्सिजनचे अणू पोटॅशियमच्या मापाने बसविलेले असतात, आणि लहान सोडियमला तेथे धड आधार मिळत नाही. रुग्णालयात अत्यवस्थ रोग्याच्या रक्तातील पोटॅशियम तातडीने तपासतात आणि ते लिटरला ३.५ ते ५ मिलिमोलांच्या मर्यादेत राखण्यासाठी धडपडतात, त्याचे कारणही हेच, की बाहेरचे पोटॅशियम थोडेसे वाढले तरी आतबाहेरची तफावत घटते आणि हृदयाची लय बिघडते. क्षणिक संदेशाने शास्त्रज्ञांना शतकभर मोहिनी घातली हे स्वाभाविक होते. परंतु त्यामागच्या स्वस्थतेचा हिशेब ज्यांनी चिकाटीने मांडला, त्यांच्याच परिश्रमामुळे तो संदेश समजला, आणि आज अनेकांचे प्राणही त्याच हिशेबाच्या आधाराने वाचतात.