दातातील फिलिंगचा जोड आणि वनस्पतींतील टॅनिन

पाठाचा हेतू

दात भरल्यावर फिलिंग दाताला चिकटून कसे राहते, काही वर्षांनी तो जोड का सुटतो आणि द्राक्षाच्या बियांसारख्या वनस्पतींचे अर्क त्यात काय मदत करू शकतात, हे या पाठात आपण पाहणार आहोत. पाठ पदार्थविज्ञान, यांत्रिकी, रसायन आणि जैव-अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. दंतवैद्यकाची पूर्वतयारी लागणार नाही. ताण, यंगचा गुणांक आणि हायड्रोजन बंध या तीन कल्पना माहीत असल्या की पुरे.

१. चांदीपासून कंपोझिटपर्यंत

दाढ किडली की डॉक्टर किडलेला भाग कोरून काढतात आणि खड्डा भरतात. आपल्या आई-वडिलांच्या पिढीत बहुतेकांच्या दाढेत 'चांदी' भरलेली असे. ही चांदी म्हणजे अमाल्गम. त्यात वजनाने सुमारे निम्मा पारा असतो आणि उरलेल्या भागात चांदी, कथील व तांबे. अमाल्गम दाताला चिकटत नाही. खड्डा आत रुंद आणि तोंडाशी अरुंद कोरतात, त्यामुळे ते अडकून राहते. खुंटी खाचेत बसावी तसा हा यांत्रिक जोड आहे. त्यासाठी कधी कधी निरोगी दातही कोरावा लागतो.

पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी २०१३ मध्ये मिनामाता करार झाला आणि भारताने तो २०१८ मध्ये स्वीकारला. आज बहुतेक ठिकाणी दातासारख्या रंगाचे कंपोझिट भरतात. कंपोझिट म्हणजे रेझिन आणि त्यात मिसळलेली काच किंवा सिलिकाची बारीक पूड. हे मात्र दाताला चिकटवावे लागते. म्हणजे फिलिंगचे आयुष्य आता बऱ्याच अंशी चिकटवलेल्या जोडाच्या आयुष्यावर अवलंबून आहे. जोडाला फट पडली की लाळ आणि जंतू आत शिरतात, फिलिंगखाली पुन्हा कीड लागते आणि दुसऱ्यांदा दात कोरावा लागतो. प्रत्येक वेळी दाताचा थोडा भाग कायमचा जातो.

२. इनॅमल सोपे, डेंटिन अवघड

दाताचे बाहेरचे कवच म्हणजे इनॅमल. वजनाने त्यातला सुमारे ९६ टक्के भाग खनिज असतो. १९५५ मध्ये मायकेल बुओनोकोरे यांनी दाखवले की फॉस्फोरिक आम्लाने इनॅमल खरबरीत केले तर रेझिन त्याला घट्ट धरते. भिंतीला गिलावा करण्याआधी टाचे मारतात, त्यातलाच हा प्रकार. इनॅमलवरचा जोड आजही भरवशाचा मानला जातो.

इनॅमलच्या आत डेंटिन असते. त्यात वजनाने सुमारे ७० टक्के खनिज, २० टक्के सेंद्रिय पदार्थ आणि १० टक्के पाणी असते. सेंद्रिय भागातला सुमारे ९० टक्के वाटा कोलॅजेन या प्रथिनाचा. कोलॅजेनच्या तीन साखळ्या दोरखंडासारख्या एकमेकींभोवती वळलेल्या असतात. डेंटिनची तुलना प्रबलित काँक्रीटशी करता येईल: खनिज हे काँक्रीट आणि कोलॅजेन ही त्यातली सळई.

डेंटिनवर कंपोझिट बसवण्याची एक प्रचलित पद्धत अशी:

(अ) ३५ ते ३७ टक्के फॉस्फोरिक आम्ल सुमारे १५ सेकंद लावून धुतात. वरच्या काही मायक्रोमीटर थरातले खनिज विरघळते आणि कोलॅजेनचे धागे उघडे पडतात.

(आ) पृष्ठभाग किंचित ओलसर ठेवून द्रवरूप रेझिन लावतात. ते धाग्यांमधल्या जागेत झिरपते. पृष्ठभाग फार कोरडा केला तर धाग्यांचे जाळे बसून जाते आणि रेझिन आत शिरत नाही.

(इ) निळ्या प्रकाशाने रेझिन घट्ट करतात आणि मग वर कंपोझिट भरतात.

कोलॅजेन आणि रेझिन यांच्या या मिश्र थराला 'हायब्रिड थर' म्हणतात. १९८२ मध्ये जपानचे नोबुओ नाकाबायाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे वर्णन केले. जोडाची सारी मदार या पातळ थरावर असते.

३. जोड सुटतो कुठून?

जोड सुटला की चिकटद्रव्य हलक्या प्रतीचे होते, असे आपल्याला वाटते. खरी अडचण त्याखाली असते. रेझिन धाग्यांच्या तळापर्यंत पूर्ण पोहोचत नाही. तळाशी असे धागे उरतात ज्यांच्याभोवती ना जुने खनिज आहे ना नवे रेझिन. तिथे फक्त पाणी असते.

या उघड्या धाग्यांवर दोन संकटे येतात. पहिले यांत्रिक. खनिजासह डेंटिनचा यंगचा गुणांक सुमारे १५ ते २० गिगापास्कल असतो. खनिज काढलेल्या ओल्या डेंटिनचा गुणांक काही मेगापास्कलवर येतो, म्हणजे हजार पटींहून अधिक घट. चावण्याचा भार पडला की हा मऊ पट्टा ताणला जातो.

दुसरे संकट रासायनिक. डेंटिनमध्ये कोलॅजेन कापणारी विकरे जन्मापासूनच निद्रिस्त असतात. त्यांना मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज म्हणतात. आम्ल लावल्यावर ती जागी होतात आणि पाण्याच्या मदतीने उघडे धागे हळूहळू कापत राहतात. डेव्हिड पॅश्ली आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हे दाखवून दिले. त्यांच्या प्रयोगात जंतू नव्हते, तरीही कोलॅजेन झिजले. म्हणजे रुग्णाने दात कितीही स्वच्छ ठेवले तरी जोड आतून पोखरला जाऊ शकतो.

म्हणून प्रश्न असा मांडायला हवा: गोंद अधिक चिकट करण्याऐवजी कोलॅजेनच टिकाऊ करता येईल का?

४. उत्तर चामड्यात सापडते

कोलॅजेन टिकाऊ करण्याचा धंदा माणूस हजारो वर्षे करत आला आहे. कातडे म्हणजे मुख्यतः कोलॅजेन. कच्चे कातडे ओले राहिले की कुजते. तेच कमावले की चामडे होते आणि वर्षानुवर्षे टिकते. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी चपलेचे चामडे पारंपरिक रीतीने बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. कोलकात्याच्या टांगरा, तिलजला, तोपसिया भागांतल्या टॅनरींना सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर शहराबाहेर जावे लागले आणि त्यांच्यासाठी बानतलाची चर्मनगरी उभी राहिली. ती आमच्या न्यू टाउनच्या दक्षिणेला आहे. तिथे भर क्रोमियमच्या क्षारांवर आहे, पण दोन्ही पद्धतींमागचे तत्त्व एकच: कोलॅजेनच्या शेजारशेजारच्या साखळ्या एकमेकींना बांधायच्या.

वनस्पतीत हे काम टॅनिन करतात. टॅनिनच्या एका रेणूवर अनेक हायड्रॉक्सिल गट असतात. ते कोलॅजेनच्या अमाइड गटांशी हायड्रोजन बंध करतात. एक रेणू एकाच वेळी दोन-तीन साखळ्यांना धरतो, जणू टाके घातल्यासारखा. त्यामुळे साखळ्या एकमेकींवरून घसरत नाहीत, धाग्यांमधले पाणी कमी होते आणि विकरांना कापायला जागा सापडत नाही. शिवाय टॅनिन विकरांनाही चिकटून त्यांचे काम मंदावते.

टॅनिनचे दोन गट लक्षात ठेवा. हिरडा आणि मायफळ यांतल्या टॅनिनमध्ये एस्टर बंध असतात आणि ते पाण्याने तुटू शकतात. द्राक्षाच्या बिया व पाइनच्या सालीतील टॅनिन कॅटेचिन आणि एपिकॅटेचिन या एककांच्या साखळ्या असतात. त्यांना प्रोअँथोसायनिडिन म्हणतात. त्यांची एकके कार्बन-कार्बन बंधांनी जोडलेली असल्याने ती सहज सुटत नाहीत. तोंडात कायम ओल असते, म्हणून दाताच्या संशोधनात या दुसऱ्या गटावर अधिक भर आहे.

५. दातावर काय आढळले?

शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात आना बेद्रान-रुसो यांच्या गटाने खनिज काढलेले डेंटिन द्राक्षबीजाच्या अर्कात ठेवून त्याचा गुणांक मोजला. तो कित्येक पट वाढला आणि विकरांपुढे असे कोलॅजेन अधिक टिकले. ग्लुटारल्डिहाइड हे रसायनही कोलॅजेन बांधते, पण ते पेशींना विषारी आहे. म्हणून वनस्पतीज पर्यायांचे आकर्षण आहे. हिरव्या चहातील कॅटेचिन आणि गार्डेनियाच्या फळापासून मिळणारे जेनिपिन यांवरही प्रयोग झाले आहेत.

अर्क वापरायचा तो वर सांगितलेल्या (अ) आणि (आ) या पायऱ्यांच्या मध्ये. म्हणजे अर्क हा गोंद नव्हे. गोंद ज्याला धरणार आहे त्या धाग्यांची ती मजबुती आहे.

६. मोजमाप: एक उदाहरण

भरलेल्या दाताच्या सुमारे १ चौरस मि.मी. छेदाच्या काड्या कापतात आणि त्या ओढून तोडतात. याला सूक्ष्म-ताण चाचणी म्हणतात.

ताण = तोडणारे बल ÷ छेदाचे क्षेत्रफळ

गणितासाठी काही आकडे घेऊ. काडी ०.९ × ०.९ मि.मी. असेल तर क्षेत्रफळ ०.८१ चौरस मि.मी. होते.

अर्काशिवाय: पहिल्या दिवशी २८ न्यूटनला तुटली, म्हणजे ३४.६ मेगापास्कल. तशीच दुसरी काडी वर्षभर पाण्यात ठेवली आणि १९ न्यूटनला तुटली, म्हणजे २३.५ मेगापास्कल. घट सुमारे ३२ टक्के.

अर्कासह: पहिल्या दिवशी २७ न्यूटन, म्हणजे ३३.३ मेगापास्कल. वर्षाने २५ न्यूटन, म्हणजे ३०.९ मेगापास्कल. घट सुमारे ७ टक्के.

पहिल्या दिवसाचेच आकडे पाहिले असते तर अर्क निरुपयोगी ठरला असता. त्याचा गुण दिसतो तो वर्षाच्या शेवटी. म्हणून कोणताही शोधनिबंध वाचताना 'जोडाची ताकद किती वाढली' याआधी 'किती दिवसांनी मोजली' हे विचारा.

७. अडचणी

वेळ: कातडे कमवायला आठवडे लागले तरी चालते. सुरुवातीच्या प्रयोगांत दातही तासभर अर्कात ठेवत. खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या रुग्णाकडे फार तर मिनिटभर असतो.

रंग: टॅनिन तपकिरी असते. पुढच्या दाताच्या कडेला तपकिरी रेषा कोणाला आवडेल?

घट्ट होण्यात अडथळा: रेझिन मुक्त मूलकांच्या साखळी अभिक्रियेने घट्ट होते आणि टॅनिन मुक्त मूलके टिपते. अर्क रेझिनमध्येच जास्त प्रमाणात मिसळला तर रेझिन कच्चे राहते. म्हणून तो वेगळा लावून धुणे बरे.

एकसारखेपणा: जात, हंगाम आणि अर्क काढण्याची रीत बदलली की रेणूंचे मिश्रण बदलते. 'द्राक्षबीज अर्क' एवढे लेबल अभियंत्याला पुरेसे नाही.

यातले बहुतेक पुरावे काढलेल्या दातांवरचे, प्रयोगशाळेतले आहेत. बाभळीची काडी चावून किंवा घरी अर्क लावून फिलिंगचा जोड पक्का होत नाही, कारण दात भरून झाल्यावर अर्काला त्या धाग्यांपर्यंत वाट नसते.

८. तुम्ही काय करू शकता?

कच्चा माल आपल्याकडे आहे. खायची बिनबियांची द्राक्षे इथे उपयोगाची नाहीत, पण नाशिकच्या वायनरींत रस काढल्यावर उरणाऱ्या चोथ्यात बिया असतात. भारतातले पहिले दंतवैद्यक महाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कोलकात्यातच सुरू केले. आज देशभर अशी महाविद्यालये आहेत. काढलेले दात त्यांच्याकडे आणि ताण मोजायची यंत्रे आपल्याकडे, असा मेळ बसतो. यंत्राला कमी भाराचा लोड सेल लावावा लागेल आणि दातांच्या वापरासाठी नैतिक समितीची परवानगी घ्यावी लागेल.

सरावासाठी प्रश्न

१. अमाल्गम आणि कंपोझिट यांच्या जोडातील मूलभूत फरक सांगा.

२. जंतू नसतानाही हायब्रिड थरातील कोलॅजेन का झिजते?

३. ०.८ × १.० मि.मी. छेदाची काडी २४ न्यूटनला तुटली. ताण काढा. (उत्तर: ३० मेगापास्कल)

४. कातडे कमावण्याचे तंत्र जसेच्या तसे दातावर का वापरता येत नाही? दोन कारणे द्या.

५. अर्क रेझिनमध्ये मिसळावा की आधी वेगळा लावावा? रासायनिक कारणासह उत्तर लिहा.